गुरुजी, माईक परत द्या

या वेळचं पत्र लातूर जिल्ह्यातून आलंय. लांबलचक होतं, थोडं आटोपतं करून देते.

"ताई, नमस्कार. मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वय 67. आठ एकर रान आहे, त्यातला तीन एकर ऊस. धाकट्या भावाची मुलगी परभणीला कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. माझ्याच हाताखाली पाटीवर अक्षरं गिरवलेली. यंदा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडावंदन झालं, नंतर तरुणांची मनोगतं होती. अध्यक्ष मीच होतो. ही उठली आणि हवामान बदलावर बोलायला लागली. म्हणाली, 'तुमच्या पिढीनं बोअर मारमारून पाणी उपसलं, ऊस लावला, हवामान बिघडवलं, आणि आता बिल आमच्या नावावर फाडताय.' समोर सगळं गाव. मला राहवलं नाही. तिच्या हातातला माईक घेतला आणि म्हणालो, 'बाई, आधी पदवी घे. ग्रेटा व्हायला स्वीडनात जन्मावं लागतं, इथं पोटाचं बघावं लागतं.' लोक हसले, टाळ्या पडल्या. ती निघून गेली.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. गावच्या ग्रुपवर दोन तट पडले. म्हातारे म्हणतात गुरुजींनी बरं केलं. पोरं मला नको ते म्हणतात आणि तिला 'आपली ग्रेटा' म्हणतात. त्यानंतर चारच दिवसांत पूर आला, सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हापासून तर 'बघा गुरुजी, ती काय म्हणत होती' असं डिवचणं चालू आहे. भाऊ बोलत नाही. दिवाळीला पोरगी घरी आली नाही. परभणीत कुठल्याशा मोर्चात जाते असं कानावर आलंय. या वयाच्या लेकरांनी या वादात पडावं का? त्यांना मागून कुणीतरी पुढं करतंय असं तुम्हाला वाटत नाही का? आणि मी चुकलो का, हे आडपडदा न ठेवता सांगा."

गुरुजी, नमस्कार.

आडपडदा नको म्हणालात, म्हणून आधी तेच. माईक घेतलात ते चुकलं. ती जे बोलली ते सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्यात बऱ्याच गफलती होत्या, आणि तुमच्याकडे त्यांना चांगलं उत्तर होतं. पण ते उत्तर तुम्ही दिलंच नाही. तुम्ही तिचं वय काढलं. वय काढलं की समोरच्याला बोलायला काही उरत नाही, कारण वीस वर्षांच्या पोरीला एका रात्रीत चाळीस वर्षांची होता येत नाही.

आणि दिवस कोणता निवडलात! त्या सकाळी तुम्ही ज्यांच्या फोटोंना हार घातले, त्यांतल्या कितीजणांची सुरुवात कॉलेजात झाली होती? 1938 साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या पोरांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं, निजामाच्या राज्यात त्यावर बंदी आली, पोरं हटली नाहीत. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेलं, शेकडोंची नावं कमी झाली, आणि त्यांतल्या कितीतरी मुलांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं. तेव्हाही कुणा काकांनी 'आधी पदवी घे' म्हटलंच असणार. आणि स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचा फोटो मधोमध असतो, ते अंबाजोगाईच्या शाळेचे मुख्याध्यापकच होते की! तुम्हाला हे शिकवायला नको. तुम्ही हा धडा मुलांना माझ्यापेक्षा जास्त वेळा शिकवला असेल. म्हणूनच जरा बोचरं लिहिते आहे, राग मानू नका.

आता त्या स्वीडनच्या पोरीबद्दल, कारण तिचं नाव तुम्हीही घेतलंत आणि गावातली पोरंही घेतात, आणि दोघांनाही ती काय म्हणाली याच्याशी फारसं देणंघेणं दिसत नाही.

ग्रेटा थुनबर्ग ऑगस्ट 2018 मध्ये स्टॉकहोमला संसदेबाहेर पाटी घेऊन एकटी बसली, तेव्हा पंधरा वर्षांची होती. वर्षभरानं तिला अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं साक्षीला बोलावलं. तिनं काय केलं माहीत आहे? लिहून आणलेलं भाषण दिलं नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी 2018 साली तयार केलेला दीड अंशाच्या तापमानवाढीवरचा अहवाल पुढं ठेवला आणि म्हणाली, माझं ऐकू नका, यांचं ऐका. त्याच आठवड्याभरात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत तिचं ते संतापलेलं भाषण झालं, तेच जगभर फिरलं. अहवाल कुणी फिरवला नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी टिंगल केली, सभागृहातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टिंगल करणारे व टाळ्या वाजवणारे दोघंही आपापल्या घरी गेले.

मला या सगळ्या वादात सलतं ते हे. एका बाजूला 'पोरकट आहे, शाळेत जा' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'ही पिढीच आता आपली आशा' म्हणणारे. दोघांनाही तिला उत्तर द्यायचं नसतं. आपल्याकडे तर याची पक्की रीत आहे: शाल, श्रीफळ, फोटो, की संपलं. सत्कार हीसुद्धा माणसाला गप्प करायची तऱ्हा आहे, फक्त हातात नारळ देऊन. तुमच्या ग्रुपवर 'आपली ग्रेटा' म्हणून अंगठे दाखवणाऱ्या पोरांनी तिच्या बोलण्यातलं एक तरी वाक्य तपासलं का, हे विचारून बघा. तुम्ही निदान उठून चिडला तरी. चिडायला ऐकावं लागतं.

तर तपासू या. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण एवढं वाचलेलं आहे.

तिची पहिली गफलत: ऊस आणि हवामान बदल तिनं एकाच दाव्याला बांधले. पृथ्वी तापते आहे ती मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळं. तुमच्या तीन एकरांचा त्यातला वाटा काय असणार? भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत 14 टनांच्या आसपास. त्या 2 टनांतही मुंबई-पुण्यातल्या एसीवाल्याचा वाटा वेगळा आणि औशाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वेगळा. 'तुमच्या पिढीनं हवामान बिघडवलं' हे वाक्य अमेरिकेत, तेल कंपन्यांच्या ह्यूस्टनमध्ये बोलायचं, ते तिनं तुमच्यासमोर बोललं. इथं तुमची बाजू भक्कम होती, आणि खरं सांगायचं तर 'स्वीडनात जन्मावं लागतं' या टोमण्यात ती अर्धीमुर्धी दडलेलीही होती. पण टोमण्यातून हिशोब पोचत नाही.

दुसरं, पाणी. इथं मात्र गुरुजी, तुम्ही अडचणीत आहात. उसाला एका हंगामात 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. आपल्याकडे आभाळातून वर्षाला पडतं 700-800 मिलिमीटर, तेही चांगल्या साली. उरलेलं कुठून येतं? मांजरा धरणातून, विहिरीतून, बोअरमधून. हा हवामानाचा दोष नाही, हा आपला हिशोब आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. तुमची पुतणी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. या लेकरांची पाण्याची पहिली आठवण ती आहे. माझ्या पिढीची 1972 च्या दुष्काळाची, सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची. आमचे वडील सांगायचे, बहात्तरला खायला नव्हतं पण विहिरीच्या तळाला पाणी होतं. सोळाला घरात गहू होता आणि प्यायला पाणी नव्हतं. हा फरक त्या पोरीनं बरोबर ओळखला आहे, फक्त त्याला नाव दुसरंच दिलं.

पण तुम्ही ऊस का लावता, हे तिला कुणी सांगितलंय का? कृषीच्या पुस्तकात ते असतं की नाही कुणास ठाऊक. उसाचा दर कायद्यानं बांधलेला, 2025-26 च्या हंगामाला साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये. उशिरा का होईना, बिल निघतं. सोयाबीनचा त्याच हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, आणि आडतीवर त्याला तेवढा भाव मिळाला असा शेतकरी मला दाखवा. 2014 च्या गारपिटीत उभी ज्वारी, हरभरा, गहू, द्राक्षं झोडपून निघाली. ऊस गारांनी फाटतो, मोडतो, पण बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो. म्हणजे ज्या लहरी हवामानाविषयी ती बोलते, त्यालाच भिऊन माणूस उसाकडं वळतो, आणि उसानं पाणी संपतं. हे कोडं तिच्यासमोर मांडायला तुमच्याइतका लायक माणूस गावात दुसरा नाही. तुम्ही मांडलं असतंत तर ते मनोगत राहिलं नसतं, ती चर्चा झाली असती. गावानं अशी चर्चा ऐकून किती वर्षं झाली असतील!

पुराचं थोडक्यात. सप्टेंबर 2025 च्या पुरानं ती खरी ठरली, असं म्हणणारी पोरं घाई करतात. तिचा मुद्दा पाणी संपल्याचा होता, आणि एका पुरावरून काही सिद्ध होत नाही. पण तुम्हीही 'पूर काय, आधीपण यायचे' म्हणून सोडू नका. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे पावसाचे दिवस कोरडे जाणार आणि चार दिवसांत सगळा हिशोब चुकता होणार. हे तुम्ही रानात बघताच आहात. आपल्या गावांत 'पोकरा'च्या शेततळ्याचे अर्ज भरले गेले, त्या योजनेच्या कागदावर 'हवामान अनुकूल शेती' असंच लिहिलेलं असतं. सरकारदरबारी जे मान्य आहे ते एका पोरीनं माईकवर म्हटलं तर एवढं काय झोंबलं?

झोंबलं ते 'तुमच्या पिढीनं' हे शब्द, हे मला कळतं. ज्यानं आयुष्यभर सायकलवर शाळा केली, पगारातून भावाच्या लेकरांच्या फी भरल्या, त्याला भर सभेत 'तुम्ही खाल्लं' म्हणणं वाईट आहे. ते तिला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सांगा. पण घरात, आणि तुमची माफी मागून झाल्यावर.

आता 'मागून कुणीतरी पुढं करतंय' याविषयी. करतही असेल. राजकारणी करतात, संस्था करतात, फोटो हवा असलेले करतात. पण हा संशय आपण फक्त न पटणाऱ्या पोरांवर घेतो, हे लक्षात आलंय का? दहीहंडीला थर लावणाऱ्या, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोटारसायकली पळवणाऱ्या पोरांना कोण पुढं करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना आपण म्हणत नाही की आधी पदवी घे. आणि मागं कुणी असलं तरी हिशोब बदलत नाही. दीड हजार मिलिमीटर पाणी कुणी बोलायला लावलं म्हणून हजार होत नाही.

पोरांनी यात पडून काय मिळतं, असंही तुमच्या मनात असणार. बहुतेक वेळा काही नाही. हरिद्वारच्या रिद्धिमा पांडेनं नऊ वर्षांची असताना, 2017 साली, राष्ट्रीय हरित लवादात अर्ज केला. तो 2019 मध्ये निकाली निघाला. मग ग्रेटासह सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडं तक्रार नेली, त्यातही ती होती. 2021 मध्ये समितीनं सांगितलं, आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जा. दुसरीकडं, प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये ठरवलं की हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं न्यायचा. लोक हसले असणारच. वानुआतू या चिमुकल्या देशानं तो उचलून धरला, 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला, आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्या पोरांनी घोषणा कमी दिल्या आणि अर्ज जास्त लिहिले. तुमच्या पुतणीला ही गोष्ट जरूर सांगा. तुमच्या तोंडून ऐकली तर तिला जास्त आश्चर्य वाटेल.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'मोर्चात जाते' या शब्दांत मला भीती दिसली. पोरगी, परगावी, मोर्चात. उद्या केस झाली तर? नोकरी, लग्न? ही भीती खोटी नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये शेतकरी आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी केलेल्या एका ऑनलाइन दस्तऐवजावरून बेंगळुरूच्या दिशा रवी या पर्यावरण कार्यकर्तीला दिल्ली पोलिसांनी उचललं. तेव्हा ती 22 वर्षांची होती. दहा दिवसांनी जामीन देताना न्यायाधीशांनी पुरावा तुटपुंजा असल्याचं म्हटलं, पण ते दहा दिवस गेलेच. त्याच प्रकरणात आपल्या बीडच्या एका तरुण अभियंत्याचं नाव आलं आणि त्याला औरंगाबाद खंडपीठाकडून दहा दिवसांचा तात्पुरता अटकपूर्व जामीन घ्यावा लागला. त्या आठवड्यात बीड-लातूरच्या किती आईबापांनी पोरांचे फोन तपासले असतील! तेव्हा भीती वाटते तर भीती म्हणूनच सांगा. 'मला तुझी काळजी वाटते' हे वाक्य आपल्याकडच्या पुरुषांच्या तोंडून निघत नाही, त्याचा टोमणा होतो. तिला एवढंच म्हणा की मोर्चाला परवानगी आहे का ते बघ, अर्जाची पोच जवळ ठेव, न वाचलेल्या कागदावर सही करू नको, न वाचलेलं पुढं ढकलू नको. मुख्याध्यापकाला जावक क्रमांकाचं महत्त्व कुणी सांगायला नको. ते तिला शिकवा.

माझंही एक सांगते, म्हणजे मी उंटावर बसून शेळ्या हाकते असं वाटणार नाही. 2016 च्या त्या उन्हाळ्यात आम्ही लातुरातच होतो. लेक नववीत. तिनं एका वहीत घरातल्या पाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. कुणी किती तांबे, किती बादल्या, सगळं. एका पानावर लिहिलं होतं, 'आई, सडा, 2 बादल्या.' टँकरसाठी रात्र रात्र जागणारी मी, आणि दारात सडा मात्र रोज घालत होते. सासूबाईंची रीत, दुसरं काय. मी वही हिसकावून कपाटावर फेकली आणि अभ्यास कर म्हणाले. सडा दुसऱ्या दिवसापासून बंद केला, पण तिला कधी म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. ती आता नोकरीला आहे. वही माझ्याकडेच आहे. तुमचं पत्र वाचल्यावर कपाटावरून काढली.

तर आता काय करायचं. व्हिडिओला व्हिडिओनं उत्तर देऊ नका. ग्रुपवर दोन ओळी लिहा, स्वतः टाइप करून: त्या दिवशी मी माईक घ्यायला नको होता, तिचे काही मुद्दे मला पटत नाहीत, ते मी तिच्याशीच बोलेन. बस. कुणी अंगठा दाखवो की तोंड वाकडं करो, त्यावर पुढं बोलू नका. भावाकडं आधी जा. तो तुमच्यावर चिडलाय त्याहून जास्त लोकांच्या हसण्यावर चिडलाय, असा माझा अंदाज आहे.

पुतणीला मात्र फोन करा. निरोप नको, मेसेज नको. उचलणार नाही कदाचित, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. फार लांबण लावू नका. तिला येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला बोलवा. दिवाळी चुकली तरी येळवस सहसा लातूरकर चुकवत नाही. रानात कडब्याच्या कोपीपाशी पूजा होईल, भज्जी, उंडे, आंबिल होईल, पाहुणे पांगतील. मग तिला घेऊन बांधाबांधानं फिरा. बोअर किती साली, किती फुटांवर मारले, कितींना पाणी लागलं आणि कितींची नुसती माती निघाली ते दाखवा. उसाच्या बिलाच्या पावत्या आणि आडतीच्या पट्ट्या घरून बरोबर न्या. तीन एकरांतला एक एकर ठिबकवर नेला तर काय, किंवा मोडून तूर-हरभऱ्याला दिला तर काय, याचा हिशोब तिला करायला सांगा. तिसऱ्या वर्षाला आहे, करता येईल तिला. हिशोब तोट्याचा निघाला तर तसं तिच्या तोंडून ऐका आणि फायद्याचा निघाला तर तुम्ही काय करणार ते आधीच ठरवून जा, नाहीतर हे सगळं पुन्हा एक नाटक होईल.

आणि तिला गावातलं एक काम सुचवा, वाटल्यास दोघं मिळून करा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजणारं यंत्र मंडळात कुठंतरी एका जागी असतं. पाऊस पडतो एका शिवारात, यंत्र असतं दुसऱ्याच माळावर. शाळेच्या अंगणात साधं पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोज सकाळी नोंद ठेवली तर पुढच्या पंचनाम्याच्या वेळी गावाकडे स्वतःची वही असेल. तलाठी ती मान्य करेलच असं नाही, पण 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवायला विषय तरी होईल. ती अठराच्या पुढची आहे, नाव मतदार यादीत असेल तर ग्रामसभेत बोलायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. तिथं अध्यक्ष सरपंच असतो, गुरुजी. तुम्ही समोर सतरंजीवर बसा, आणि ती बोलून झाली की हात वर करून तुमचं म्हणणं मांडा.

एक राहिलं. फोनवर ती कदाचित विचारेल, 'काका, खरं सांगा, मी चुकीचं बोलले का?' तेव्हा गडबडून 'नाही गं, छान बोललीस' म्हणू नका. कुठं चुकली ते सांगा, वरचा सगळा हिशोब सांगा. मग ती भांडेल. भांडू द्या.

— तुमची ताई